आमवात: दुखणं आटोक्यात ठेवायचे उपचार

आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, मग बोटं, मनगटं, पावलं असे छोटे सांधे दोन्ही बाजूंचे सुजतात आणि सकाळी तासभर तरी मूठ वळत नाही. वयानं गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा, हा तिशी-चाळिशीतही गाठतो आणि बायकांना दोन-तीन पट जास्त.

डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन अशा पेनकिलरनी ठणका कमी होतो पण आत हाड कुरतडलं जाणं थांबत नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून वर्षं काढणाऱ्यांची बोटं वाकडी होतात ती यामुळेच, वर पोट आणि किडनीला त्रास तो वेगळाच.

खरं औषध मेथोट्रेक्झेट. मूळचं कॅन्सरवरचं, इथे डोस खूप कमी, साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम आणि तोही आठवड्यातून एकदाच! वार ठरवून घ्यायचा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायचा, कारण चुकून रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात, जीवही जाऊ शकतो. सोबत डॉक्टर सांगतील त्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, अधूनमधून रक्ताची आणि लिव्हरची तपासणी, दारू शक्यतो बंद, आणि दिवस राहायचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात, पंधरा दिवसांत काहीच फरक नाही म्हणून बरेच जण सोडून देतात आणि तिथेच नुकसान होतं.

तोवर कळ काढायला थोडे दिवस स्टेरॉइड देतात. 1948 साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं तेव्हा जखडलेले पेशंट चालायला लागले, 1950 ला नोबेलही मिळालं, पण जास्त दिवस घेतल्यावर हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते हेही लवकरच कळलं. सांधेदुखीच्या काही 'देशी' पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय, त्यामुळे दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला तर सावध व्हा, आणि स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंदही करू नका.

एवढ्यानं भागलं नाही तर बायोलॉजिक, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीतला ठराविक दुवा अडवणारी इंजेक्शनं असतात, महाग पडतात, आणि सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते कारण दबून असलेला टीबी त्यांनी उफाळून येऊ शकतो.

बाकी गरम पाण्याचा शेक, मेणाचा शेक, फिजिओथेरपीचे व्यायाम, रात्री मनगटाला स्प्लिंट (आधाराची पट्टी), आणि स्वयंपाकघरात जाड मुठीची सुरी, कपडे पिळायचे ते मशीनमध्ये.