झॉम्बीपट व स्लॅशरपट

झॉम्बीपट व स्लॅशरपट : भयपटांचे दोन उपप्रकार. झॉम्बीपटात मेलेली, किंवा संसर्गाने माणूसपण गमावलेली, शरीरे जिवंतांवर चालून येतात. स्लॅशरपटात बहुधा मुखवटा घातलेला एकच मारेकरी धारदार हत्याराने एकेकाला गाठतो. आपल्या लोककथांतील मुंजा, हडळ, झोटिंग आणि चकवा पिंपळाला, विहिरीला किंवा वाटेला बांधलेले असतात व त्यांना शरीर नसते किंवा उसने असते. या दोन प्रकारांत भय उलट दिशेने येते. येथे आत्मा नाही, नुसते शरीर आहे. म्हणून त्यांचा सगळा भार रंगभूषेवर आणि हातकारागिरीवर पडतो.

शब्दाचे मूळ : ‘झॉम्बी’ हा शब्द हैतीच्या क्रिओल (फ्रेंचवर आधारलेल्या मिश्र) भाषेतून आला असे सामान्यतः मानले जाते, त्याच्या मागचा प्रवास वादग्रस्त आहे. आफ्रिकेतील किकोंगो भाषेतील ‘नझाम्बी’ (ईश्वर) आणि ‘झुंबी’ (मंतरलेली वस्तू) असे दोन शब्द पुढे केले जातात. तिच्या शेजारच्या किंबुंदू भाषेत मृताच्या आत्म्यासाठी असलेला जवळपास याच उच्चाराचा शब्द काहींना अधिक पटतो. फ्रेंच किंवा स्पॅनिशमधील ‘सावली’ या अर्थाच्या शब्दांशी जोडणारे मतही आहे, परंतु ते ध्वनिसाम्यावरच उभे असल्याने दुबळे वाटते. कॅरिबियन बेटांतील ग्वादलूपच्या पार्श्वभूमीवरील १६९७ च्या एका फ्रेंच कथेच्या शीर्षकात ‘झॉम्बी’ येतो. १७९७ मध्ये फ्रेंच वसाहतींवर लिहिणारा मोरो द सँ-मेरी याने त्याचा अर्थ ‘आत्मा, परत आलेला मृत’ असा दिला. इंग्रजीतील आरंभीचा वापर इंग्रज कवी रॉबर्ट साउदीच्या ब्राझीलच्या इतिहासात, १८१९ मध्ये, सापडतो. तेथे तो पाल्मारेस येथील पळून आलेल्या गुलामांच्या राज्याच्या प्रमुखाच्या संदर्भात आहे. या क्रमातून एक गोष्ट दिसते व तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही : सुरुवातीचा झॉम्बी हा आत्मा होता, म्हणजे चित्रपटातल्या झॉम्बीपेक्षा आपल्या झोटिंगाच्या जवळचा. आत्मा काढून घेतलेले, दुसऱ्यासाठी राबणारे शरीर हा अर्थ पुढे ठळक झाला. तो मळ्यांवरील गुलामगिरीच्या आठवणीतून घडला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ही समजूत कायद्यातही उमटली : हैतीच्या दंडसंहितेचे कलम २४६ मृत्यू न आणता दीर्घ गुंगी आणणाऱ्या पदार्थाचा वापर विषप्रयोग ठरवते, आणि अशा माणसाला पुरले गेल्यास तो खून मानते. वनस्पतिअभ्यासक वेड डेव्हिस याने १९८० च्या दशकात या गुंगीचे कारण फुग्या माशातील टेट्रोडोटॉक्सिन असल्याचे मांडले. तपासलेल्या चूर्णांत ते विष अत्यल्प आढळल्याने मत वादग्रस्त राहिले. अमेरिकेच्या ताब्यातील हैतीचे (१९१५–३४) वर्णन करणारे अमेरिकन प्रवासलेखक विल्यम सीब्रुकचे पुस्तक १९२९ मध्ये आले आणि १९३२ मध्ये पहिला दीर्घ झॉम्बीपट निघाला.

मराठीत एक अडचण आहे. ‘झोंबी’ म्हणजे झटापट, अंगाला भिडणे. म्हणून या नोंदीत ‘झॉम्बी’ असे लेखन केले आहे. २०२२ मध्ये आलेल्या आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाने ‘झोंबी’ हेच रूप रूढ केले आहे.

घडण : आजचा झॉम्बी अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या १९६८ मधील कृष्णधवल चित्रपटातून आला. संथ चाल, मांसभक्षण, डोक्यावर घाव बसला तरच अंत आणि एका शेतघरात अडकलेली माणसे हे सारे त्यात आहे, पण ‘झॉम्बी’ हा शब्द मात्र नाही. खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर. रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक वापरला होता, कारण कृष्णधवल फितीवर तो रक्तापेक्षा खरा दिसतो. ऐनवेळी शीर्षक बदलताना स्वामित्वहक्काची ओळ गळाली आणि चित्रपट सर्वांसाठी मोकळा झाला. धावणारे, जिवंत पण संसर्गित लोक २००२ नंतर रुळले. त्यांना मेलेले म्हणावे की नाही, यावर रसिकांत तट आहेत.

स्लॅशरचा आरंभ कोणी १९६० च्या दोन चित्रपटांत पाहतात, कोणी इटलीतील ‘जाल्लो’ या खून-रहस्यपटांच्या परंपरेत. घटक जमेस धरले तर १९७४ हे वर्ष अधिक योग्य ठरते. त्या वर्षी कॅनडात मारेकऱ्याच्या डोळ्यांतून पाहणारा कॅमेरा आला, आणि टेक्सासमध्ये टोबी हूपरचा यांत्रिक करवतीचा चित्रपट. १९७८ च्या ‘हॅलोवीन’ने साचा पक्का केला. त्यातील मुखवटा दुकानात मिळणारा, एका अंतराळमालिकेतील कप्तानाचा होता. पांढरा रंग देऊन त्याचे भाव पुसले गेले. शेवटी जिवंत उरणाऱ्या मुलीला चित्रपट-अभ्यासक कॅरल क्लोव्हर हिने १९८७ मध्ये ‘अंतिम मुलगी’ अशी संज्ञा दिली. मराठीत ‘झपाटलेला’ (१९९३) मधील बाहुला मारेकरी असला तरी त्यात गुंडाचा आत्मा आहे, त्यामुळे तो काटेकोर व्याख्येबाहेर राहतो.

हूपरच्या टेक्सासमधील चित्रपटाचे चित्रण १९७३ च्या भर उन्हाळ्यात, ३८ अंशांवरच्या उष्म्यात, एका जुन्या शेतघरात झाले. खिडक्या झाकलेल्या, मांस नासलेले. त्यातील जेवणाच्या प्रसंगाचा कोंदटपणा अभिनयाने आणता येत नाही. थोडा पैसा, एक शेतघर आणि असह्य ऊन एवढ्यावर हे दोन्ही प्रकार वाढले. वऱ्हाडातील धाब्याचे घर, गुरांचा कोठा, संत्र्याची बाग आणि उभी पऱ्हाटी यांना ते सहज मानवतात, ते यामुळेच. पुढचे विभाग अशा गावाकडच्या चित्रणासाठी आहेत.

नकली रक्त : दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, अर्ध्या लिंबाचा रस. एकतारी होण्याआधी उतरवावे. लिंबामुळे साखर पुन्हा दाणेदार होत नाही. गार झाल्यावर खाण्याचा लाल रंग, चिमूटभर कोको आणि अपारदर्शकतेसाठी पाण्यात शिजवलेले चमचाभर कॉर्नफ्लोअर घालावे. कोको नसेल तर रक्त सरबतासारखे गुलाबी दिसते. बीटचा रस काही वेळाने तपकिरी पडू लागतो. हळद-चुन्याचे कुंकू लिंबाच्या पाकात पिवळे पडते, आणि बाजारी कुंकू डोळ्यांत गेल्यास आग होते. एलईडीच्या निळसर उजेडात गडद रक्त काळे दिसते, म्हणून रात्रीसाठी कोको कमी घ्यावा. मे महिन्यात पाक अंगावर वाळून कातडी ओढतो आणि मुंग्या-माश्या जमतात. तोंडाजवळचे रक्त शेवटच्या क्षणी लावणे बरे.

चिळकांडीसाठी नवी सिरिंज आणि सलाईनची नळी पुरते. नळीचे सांधे सुतळीने आवळावेत, कारण दाबाने सुटतात ते सांधेच. १९८० च्या एका प्रसिद्ध चित्रपटात गळ्यातून बाण निघतो तेव्हा पंपाची नळी सुटली, आणि पलंगाखाली दडलेल्या साहाय्यकाने तोंडाने फुंकून रक्त चढवले. फवारणीचा पंप, धुतलेला असला तरी, या कामाला कधीही वापरू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. हे विष कातडीतून आणि श्वासातूनही भिनते.

चेहरा व जखमा : मुलतानी मातीचा पातळ थर वाळू द्यावा आणि मग नटाने तोंड हलवावे, पडणाऱ्या भेगा ब्रशने काढता येत नाहीत. चुलीची राख वापरू नये, ती क्षारयुक्त असते. जखमेसाठी मैदा आणि व्हॅसलीन मळून लावतात, परंतु ४० अंशांवर ते ओघळते. उन्हाळ्यात द्रव लेटेक्स (रबराचा चीक) आणि सरकी काढलेल्या कापसाचे पापुद्रे टिकतात. प्रत्येक थर पूर्ण वाळवावा, भुवया व्हॅसलीनने झाकाव्यात आणि आदल्या दिवशी कोपराच्या आत थेंब लावून पाहावा, कारण लेटेक्स काहींना सोसत नाही. नुसता करडा रंग कॅमेऱ्यात निळा पडतो. १९७८ च्या रोमेरोच्या चित्रपटात तेच घडले. करड्यात थोडा पिवळा मिसळावा.

चाल : सगळ्यांनी हात पुढे केले की कवायत दिसते. एकाने गुडघा वाकवू नये, दुसऱ्याने खांदा पाडावा, तिसऱ्याने नजर कशावरही रोखू नये. दहा माणसे एका रांगेत दहाच दिसतात. बागेच्या ओळींत मागे-पुढे उभी केली तर तीसचा भास होतो.

शिवारातील चित्रण : पऱ्हाटीत चित्रण शेवटच्या वेचणीनंतरच करावे, पाकाचा डाग पडलेल्या कापसाचा भाव पडतो. वाळलेल्या पऱ्हाटीत टेंभे पेटवू नयेत. रानडुकरांसाठी धुऱ्यावर (बांधावर) सोडलेली वीजतार हा सर्वांत मोठा धोका आहे. अनेक भागांत शेतीपंपांना रात्रीच्या पाळीत वीज असते, त्यामुळे दिवसा निर्धोक दिसलेला धुरा रात्री प्राणघातक असू शकतो. शेतमालकाला सोबत घेऊन दिवसाउजेडी प्रत्येक तार पाहावी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलकाठी, वाघ-बिबट्याचा वावर असताना, रात्रीचे दृश्य गावठाणातच उरकावे.

रक्ताळलेली माणसे रात्री रस्त्यावर दिसली की मुले पळवणाऱ्यांची किंवा जादूटोण्याची अफवा उठते, आणि अशा संशयातून पूर्व विदर्भात जीव गेले आहेत. सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी सांगावे, गावात दवंडी द्यावी. रंगभूषा चावडीसमोर, लोकांच्या डोळ्यांदेखत केली तर आणखी चांगले. चित्रण संपल्यावर बाहुल्या, लिंबे, लाल पाकाचे बोळे वेचून न्यावेत. सकाळी निंदणाला येणाऱ्या बाया अशा वस्तू पडलेल्या धुऱ्यावर पाय ठेवत नाहीत, आणि त्या शेतमालकाचा दिवस बुडतो.