मोबाइल जोडणी
मोबाइल जोडणी : मोबाइल फोन संगणक, दूरचित्रवाणी संच, ध्वनियंत्रणा किंवा दुसऱ्या फोनला जोडून डेटा, वीज वा ध्वनी यांची ने-आण करण्याची पद्धत. ती यूएसबी केबल किंवा ३.५ मिमी ध्वनिजॅकने होते, तसेच ब्लूटूथ व वाय-फायने बिनतारीही होते.

इतिहास : सुरुवातीच्या फोनना ज्याच्या-त्याच्या कंपनीची केबल व संगणकाचा सीरियल पोर्ट लागे. अवरक्त किरणांच्या जोडणीत दोन्ही यंत्रे सुमारे एक मीटरच्या आत समोरासमोर धरावी लागत. यूएसबीची १.० आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. तिचे काम १९९४ च्या सुमारास सुरू झाले असे मानतात. भारतीय वृत्तपत्रे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले इंटेलचे अभियंते अजय भट्ट यांना यूएसबीचे जनक म्हणतात. त्यांचा वाटा मोठा आहे. मात्र या मानकामागे इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी व नॉर्टेल अशा सात कंपन्या होत्या. २०१३ चा युरोपीय संशोधक पुरस्कारही भट्ट यांना इंटेलमधील सहकाऱ्यांसह मिळाला. त्यामुळे एका व्यक्तीऐवजी गटाला श्रेय देणे अधिक सयुक्तिक होय. ब्लूटूथबाबतही असाच मतभेद आहे. काही लेखक त्याचा उगम स्वीडिश दूरसंचार कंपनी एरिक्सनमधील निल्स रिडबेक यांच्या १९८९ च्या पुढाकारापर्यंत मागे नेतात. त्याच कंपनीतील यॉप हार्टसन यांनी स्वीडनमधील लुंड येथे १९९४ नंतर केलेले रेडिओचे काम ही खरी सुरुवात, असे इतर मानतात. प्रत्यक्ष तंत्राचा विचार करता दुसरे मत ग्राह्य वाटते.

केबल : यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात. लाल तार ५ व्होल्टची, काळी भूतार. पांढरी व हिरवी डेटाच्या. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये शेवटच्या दोन नसतातच. अशा केबलने फोन चार्ज होतो, पण संगणकाला तो दिसत नाही. म्हणून ड्रायव्हर (फोन ओळखण्यासाठी संगणकाला लागणारे सॉफ्टवेअर) शोधण्याआधी केबल बदलून पाहावी. टाइप-सी जोडणीत २४ पिना असल्या तरी केबल वेगवान असेलच असे नाही. आयफोन १५ च्या मूळ प्रकारातही टाइप-सी असून वेग यूएसबी २.० चाच, म्हणजे कमाल ४८० मेगाबिट प्रतिसेकंद आहे.

फाइलींची ने-आण : अँड्रॉइड फोन जोडल्यावर आधी त्याचे कुलूप उघडावे, मग सूचनापट्टीतून ‘चार्जिंग’ऐवजी ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. जुन्या पद्धतीत फोनचे कार्ड पूर्णपणे संगणकाच्या ताब्यात जाई व फोनला ते तेवढा वेळ वापरता येत नसे. आताच्या एमटीपी (मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल) पद्धतीत ताबा फोनकडेच राहतो. संगणक फक्त फाइली मागतो. याची किंमतही आहे. हजारो छायाचित्रांचे फोल्डर उघडायला वेळ लागतो, आणि नुकतीच तयार झालेली फाइल कधी कधी फोन पुन्हा सुरू केल्याशिवाय यादीत येत नाही. मोठे फोल्डर एकदम न उचलता तुकड्यातुकड्यांनी घ्यावे. विंडोजच्या ‘एन’ (मीडिया-सुविधा वगळलेल्या) आवृत्तीत मीडिया फीचर पॅक घातल्याखेरीज एमटीपी चालत नाही. मॅकवर वेगळे सॉफ्टवेअर लागते. आयफोनवरून विंडोजवर छायाचित्रे घेताना मध्येच जोडणी तुटत असेल, तर सेटिंग्जमधील फोटोंच्या भागात ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘कीप ओरिजिनल्स’ निवडावे. तुटण्याचे कारण बहुधा वाटेत होणारे फाइलींचे रूपांतर असते. ब्लूटूथ मोठ्या फाइलींच्या कामाचे नाही. सुमारे २ मेगाबिट वेगाने एक जीबीला तासाहून अधिक वेळ जातो.

ध्वनियंत्रणेशी जोडणी : गोव्यात देवळांच्या जत्रा-उत्सवांतील मराठी नाटकांचे पार्श्वसंगीत अनेकदा फोनवरून मिक्सरला दिले जाते. येथे एक चूक वारंवार होते. फोनच्या स्टिरिओ जॅकमधून एकाच स्टिरिओ केबलने मिक्सरच्या बॅलन्स्ड (दोन तारांवरील ध्वनींतील फरक घेणाऱ्या) इनपुटला ध्वनी दिला, की मिक्सर डाव्या ध्वनीतून उजवा वजा करतो. गायकाचा आवाज दोन्हींत सारखाच असल्याने तो जवळजवळ नाहीसा होतो आणि वाद्येच तेवढी ऐकू येतात. उपाय म्हणजे एका बाजूला ३.५ मिमी स्टिरिओ व दुसऱ्या बाजूला ६.३५ मिमीच्या दोन मोनो पिना असलेली केबल, दोन वेगळ्या चॅनेलना. घुर्र आवाज येत असल्यास फोनचा चार्जर काढावा. तो काढता येत नसेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांतील थेट विद्युत्-जोड तोडून ध्वनी पुढे नेणारा) मध्ये घालावा. ब्लूटूथने आवाज दशांश सेकंद किंवा अधिक उशिरा पोचतो, त्यामुळे ऐन प्रवेशाच्या ठेक्यावर वाजवायच्या संगीतासाठी तारच बरी. फोनचे ‘विमान मोड’ चालू ठेवावे, नाहीतर मध्येच रिंग वाजते.

दमट हवेतील दोष : किनारपट्टीवरील खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांमुळे पोर्टमधील पिना गंजतात. ओलाव्यात ५ व्होल्टची पिन व भूतार यांच्यामध्ये विद्युत्-अपघटन होऊन हिरवट थर साचतो. फोनने ओलाव्याची सूचना दिल्यास चार्जिंग बंद ठेवून पोर्ट खाली करून पंख्याच्या हवेत वाळवावा. तांदळात पुरू नये, त्याचे कण आत शिरतात. पिन आत बसताना ‘टक’ असा आवाज येत नसेल, तर बहुधा तळाशी खिशातील सूत व धूळ दाबून बसलेली असते. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने ती काढावी. धातूची सुई वापरू नये.

इंटरनेट वाटप : वीज जाऊन राउटर बंद पडला तर फोनचा डेटा लॅपटॉपला देता येतो. वाय-फाय हॉटस्पॉटने फोनची बॅटरी लवकर उतरते. यूएसबी टेदरिंगमध्ये, म्हणजे केबलने इंटरनेट देताना, फोन चार्जही होत राहतो, पण त्याचा भार लॅपटॉपच्या बॅटरीवर पडतो. विंडोज व लिनक्सवर ही जोडणी सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालते. मॅकवर अनेक अँड्रॉइड फोनच्या बाबतीत ती चालत नाही. तेथे हॉटस्पॉटच वापरावा लागतो.