अभ्यंग

अंगाला कोमट तेल लावून ते हलक्या हाताने जिरवण्याच्या आयुर्वेदोक्त विधीला अभ्यंग म्हणतात. पंचकर्म या शरीरशुद्धीच्या उपचारात तो बाह्य स्नेहन (बाहेरून तेल-तूप लावणे) म्हणून स्वेदनाच्या (घाम आणण्याच्या) आधी, पूर्वकर्मात म्हणजे पूर्वतयारीत येतो. मात्र ग्रंथकारांनी त्याला उपचारापुरते न ठेवता व्यायाम-स्नानाबरोबर दिनचर्येत स्थान दिले, हेच त्याचे खरे वैशिष्ट्य होय. वाग्भटाने अष्टांगहृदय या ग्रंथात म्हातारपण, श्रम व वात यांवर गुणकारी म्हणून तो नित्य करण्यास सांगितले असून डोके, कान व तळपाय यांवर विशेष भर दिला आहे. चरकसंहितेतील दाखला तर कोणालाही चटकन पटावा असा आहे: तेल मुरलेला घडा, तेल चोळलेले कातडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस जसा टिकतो, तसे अभ्यंगाने शरीर दणकट व कष्ट सोसणारे होते. कफविकार किंवा अजीर्ण असताना आणि नुकतेच शोधन (शरीरशुद्धी) झाले असताना तो वर्ज्य आहे.

त्यासाठी मुख्यतः तिळाचे तेल, तसेच बला तेल, नारायण तेल यांसारखी सिद्ध (औषधी द्रव्ये घालून कढवलेली) तेले वापरतात. पादाभ्यंगात तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासतात. तळवा काळा पडला की ‘उष्णता निघाली’ असे म्हणतात. वस्तुतः तो वाटीच्या धातूचा रंग असतो, आणि त्यानंतर लागणाऱ्या शांत झोपेचे श्रेय घासण्याला द्यायला हवे.

महाराष्ट्रात नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान घडते, पण ही परंपरा सर्वांत जिवंत आहे ती बाळंतिणीच्या खोलीत. मालिशवाली बाई पाटावर बसून पाय लांब पसरते, बाळाला नडग्यांवर पालथे घालून पाठ चोळते, मग उताणे करून हातपायांची अलगद घडी घालते आणि टाळूवर तेल भरते. कढत पाण्याने न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी देतात आणि बाळ गाढ झोपते. बाळंतिणीचेही अंग रगडून तिला शेक देतात. दुखऱ्या कमरेला मिळणारा तो आराम औषधाइतकाच मोलाचा असतो. बाळाच्या नाकाकानांत तेल सोडण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यायलाच हवी, कारण नाकातले तेल श्वासमार्गात उतरून फुप्फुसांना दाह होऊ शकतो, म्हणून बालरोगतज्ज्ञ तिला सक्त मनाई करतात. धुरीही बाळाच्या श्वासाला त्रासदायक ठरते.