पोकेमॉनच्या पोटातले आकडे

पोकेमॉन या व्हिडिओ गेममधले एकाच जातीचे, एकाच लेव्हलचे दोन प्राणी, समजा दोन पिकाचू, शेजारी ठेवले तरी एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा दोन-चार गुणांनी जास्त निघतो. सुरुवातीचे गेम त्याचं कारण सांगत नसत. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले गेम आले, तेव्हापासून हे असंच आहे.

कारण पडद्याआड आहे. जंगली पोकेमॉन समोर येताच गेम त्याच्यासाठी ० ते १५ मधले चार आकडे टाकतो: हल्ला, बचाव, वेग आणि ‘स्पेशल’. खेळाडू यांना डीव्ही म्हणू लागले. एका आकड्याला चार बिट, म्हणजे चौघांचे मिळून दोन बाइट. पाचवा आकडा, एचपीचा (म्हणजे जीवशक्तीचा), साठवतच नाहीत. वरच्या चारांपैकी कोणते विषम आहेत ते पाहून तो काढायचा: हल्ला विषम असेल तर ८, बचाव विषम असेल तर ४, वेगाचे २, स्पेशलचा १, आणि सगळ्यांची बेरीज. गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये जागेची चणचण किती होती, ते या एका युक्तीतून कळतं.

१९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये याच दोन बाइटांवर आणखी ओझं टाकलं. नर की मादी हे हल्ल्याच्या डीव्हीवरून ठरायचं. वेगळ्या रंगाचा ‘शायनी’ निघायला बचाव, वेग आणि स्पेशल बरोबर १० लागायचे आणि हल्ला ठरावीक आठ आकड्यांपैकी एक. ६५,५३६ पैकी ८, म्हणजे ८,१९२ मध्ये एक. यातून गंमतशीर अडचणी झाल्या. सुरुवातीला मिळणाऱ्या पोकेमॉनमध्ये मादी व्हायला हल्ल्याचा डीव्ही ० किंवा १ हवा, शायनी व्हायला किमान २. त्यामुळे त्या गेममध्ये शायनी मादी चिकोरिटा निघणं अशक्यच होतं. दिसायला दुर्मीळ असलेला शायनी ताकदीला बेताचाच असायचा, कारण तीन डीव्ही १० वरच अडकलेले.

खरं गणित सुरू झालं २००२ च्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’पासून. आता सहा स्वतंत्र आकडे आले, प्रत्येक ० ते ३१. हेच आयव्ही, म्हणजे पोकेमॉनचे जन्मजात गुण. सोबत पंचवीस स्वभाव, म्हणजे नेचर. त्यातले वीस एक गुण दहा टक्के वाढवतात आणि दुसरा दहा टक्के घटवतात. सूत्र तसं सरळ आहे: जातीचा मूळ आकडा दुप्पट करा, आयव्ही मिळवा, लेव्हलने गुणा, शंभराने भागा, अपूर्णांक टाकून द्या, वर ५ मिळवा. (एचपीचं थोडं वेगळं.) सगळी मेख त्या टाकून दिलेल्या अपूर्णांकात आहे.

पिकाचूच्या वेगाचा मूळ आकडा ९०. पाचव्या लेव्हलला, नेचरचा परिणाम नसताना, वेग १४ दिसला तर आयव्ही ० ते १९ मधला काहीही असू शकतो. १५ दिसला तर २० ते ३१. एवढ्यावरून काय कळणार? पण विसाव्या लेव्हलला ४५ दिसला, तर २० ते २४. पन्नासाव्याला १०७ दिसला, तर २४ किंवा २५. दोन्हींत बसणारा आकडा एकच, २४. सगळे आयव्ही कॅल्क्युलेटर मुळात एवढंच करतात: प्रत्येक लेव्हलला शक्यतांची यादी करायची आणि न जुळणारे आकडे खोडायचे.

अडचण ईव्हीची, म्हणजे लढायांतून कमावलेल्या गुणांची. प्रत्येक लढाईतून हरलेल्या पोकेमॉनच्या जातीप्रमाणे ईव्ही जमतात, एकूण ५१० पर्यंत, आणि चार ईव्हींना शंभराव्या लेव्हलला एक गुण मिळतो. दोन-चार लढाया झालेल्या, हिशेब न ठेवलेल्या पोकेमॉनचा आयव्ही काढणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून मुरलेले खेळाडू गेम सेव्ह करायचे, नव्या पोकेमॉनला रेअर कँडी खाऊ घालून लढाईविना लेव्हल वाढवायचे, आकडे वहीत उतरवायचे आणि गेम बंद करून पुन्हा सेव्हपासून सुरू करायचे. कँड्या जशाच्या तशा शिल्लक!

काही जण याच्याही पुढे गेले. यादृच्छिक आकडे बनवणारं गेममधलं सूत्र त्यांनी उलगडलं. ‘एमराल्ड’मध्ये तर प्रत्येक वेळी गेम सुरू केला की ते सूत्र शून्यापासूनच सुरू होतं, म्हणजे नेमक्या क्षणी बटण दाबलं की हवा तो पोकेमॉन. याला फसवणूक म्हणायचं का, यावर वाद झाले. माझ्या मते नाही. गेमच्या एका बाइटलाही कुणी हात लावलेला नसतो.

बनवणाऱ्यांनी पडदा हळूहळूच उचलला. २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये प्रत्येक पोकेमॉनच्या माहितीत एक वाक्य आलं. ‘खायला फार आवडतं’ असं असेल तर सगळ्यांत मोठा आयव्ही एचपीचा आणि तो पाचाने भाग जाणारा. अशी तीस वाक्यं, कोडंच म्हणायचं. पुढे ‘प्लॅटिनम’मध्ये आयव्हीबद्दल तोंडी मत देणारा माणूस आला. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’पासून डेस्टिनी नॉट या वस्तूने आई-बापांचे पाच आयव्ही पिल्लाकडे जाऊ लागले, आणि २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’मध्ये बॉटल कॅप ही वस्तू देऊन शंभराव्या लेव्हलच्या पोकेमॉनचा कच्चा गुण पक्का करता येऊ लागला.

त्याच वर्षी ‘पोकेमॉन गो’ आला आणि पडदा पुन्हा पडला. भारतात तो अधिकृतपणे १४ डिसेंबर २०१६ रोजी जिओच्या भागीदारीत आला, तरी आपल्याकडच्या अनेकांच्या फोनवर तो जुलैपासूनच होता. इथे आयव्ही तीनच, पुन्हा ० ते १५. एकूण ४,०९६ जोड्या. लेव्हल मात्र दाखवत नव्हते. ती पॉवर-अपला (ताकद वाढवायला) लागणाऱ्या स्टारडस्टवरून, म्हणजे गेममधल्या चलनावरून, ताडायची: २,५०० म्हणजे १९ ते २०.५. मग सीपी (एकूण लढाऊ ताकदीचा आकडा) आणि एचपी घालून उरलेल्या जोड्या गाळायच्या. ऑगस्टपासून गेममधले टीम लीडर चार ठरावीक शेऱ्यांत आयव्हीबद्दल मत देऊ लागले, आणि २०१९ मध्ये आयव्ही दाखवणाऱ्या पट्ट्या व तारे आले. कॅल्क्युलेटरची गरज संपली असं वाटलं.

संपली नाही, कारण १,५०० सीपीची मर्यादा असलेली ग्रेट लीग ही खेळाडूंमधली स्पर्धा. सीपीच्या सूत्रात हल्ला पूर्ण धरतात, बचाव आणि एचपी वर्गमूळ काढून. म्हणून हल्ल्याचा आयव्ही शून्य आणि बाकी दोन १५ असले, तर त्याच १,५०० मध्ये लेव्हल जास्त बसते आणि पोकेमॉन जास्त टिकतो. ॲपमध्ये त्याला दोनच तारे. अदलाबदलीत आयव्ही नव्याने पडतात, तेव्हा असा पोकेमॉन मिळवायला खेळाडू अदलाबदल करतात. पण बेस्ट फ्रेंडशी, म्हणजे गेममधल्या मैत्रीच्या वरच्या पायरीवर पोचलेल्या खेळाडूशी, केली तर कुठलाच आयव्ही ५ च्या खाली येत नाही, म्हणून त्यासाठी मुद्दाम नुकतीच ओळख झालेला माणूस शोधतात.