मनोऔषधशास्त्र

मेंदूतील रासायनिक घडामोडींवर परिणाम करून मनःस्थिती, विचार, झोप किंवा वर्तन बदलणाऱ्या द्रव्यांचा अभ्यास करणारी विज्ञानशाखा. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चहा आणि मद्य यांचा साध्या बौद्धिक कामांवर होणारा परिणाम प्रयोगाने मोजला. शाखेचा आरंभ तेथपर्यंत मागे नेता येतो.

या शाखेत औषध आधी हाती लागले आणि कारणमीमांसा मागाहून आली. शस्त्रक्रियेच्या रुग्णांना शांत करणारे क्लोरप्रोमाझिन १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात झाँ डिले आणि पिएर डेनिकर यांनी मनोरुग्णांना दिले. आयप्रोनियाझिड हे क्षयाचे औषध. ते घेणारे रुग्ण उल्हसित दिसू लागले, तेव्हा त्याचा नैराश्यावर विचार सुरू झाला. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियम टोचलेले गिनीपिग सुस्तावलेले पाहिले आणि १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांवरील गुण जाहीर केला. ती सुस्ती बहुधा विषबाधेची होती. निष्कर्ष मात्र खरा ठरला.

सर्पगंधा या औषधी वनस्पतीची गोष्ट अधिक बोलकी आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड व वाढलेला रक्तदाब यांवर तिचा उपयोग नोंदवला. तिच्या मुळांतून १९५२ मध्ये रिसर्पिन हे क्रियाशील द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे कान पाडून निपचित बसून राहिले. मग डोपा टोचताच थोड्याच वेळात ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपापासून शरीरात डोपामिन बनते. म्हणजे रिसर्पिनने मेंदूतला डोपामिनचा साठाच रिता केला होता. १९५७ च्या या प्रयोगातून डोपामिन हे मेंदूतील पेशींमधले स्वतंत्र संदेशवाहक असल्याचे कळत गेले आणि कंपवातावर लेव्होडोपा, म्हणजे डोपाचेच औषधी रूप, देण्याची वाट निघाली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

खरी अडचण मोजमापाची. रक्तदाबाला यंत्र आहे, पण उंदीर निराश आहे हे कसे ओळखावे? १९७७ पासून प्रचलित असलेल्या चाचणीत प्राण्याला पाण्याच्या नळकांड्यात सोडतात आणि तो धडपड थांबवून किती वेळ नुसता तरंगतो हे मोजतात. नैराश्यावरील औषधांनी हा वेळ घटतो. मात्र तरंगणारा प्राणी हताश झाला आहे की शहाणपणाने दम राखतो आहे, यावर वाद आहे.

माणसांवरील चाचण्यांत खऱ्या औषधाची तुलना त्यासारख्याच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीशी करतात. कोणाला काय मिळाले, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही सांगत नाहीत. सायलोसायबिनसारख्या भ्रमकारक द्रव्यांच्या बाबतीत ही गुप्तता टिकत नाही. तासाभरात घेणाऱ्याला आपल्याला काय मिळाले ते कळून चुकते. म्हणून काही चाचण्यांत तुलनेसाठी निष्क्रिय गोळीऐवजी नायासिन हे ब-गटातील जीवनसत्त्व देतात. निदान त्याने चेहरा तरी लाल होतो.