जलरंग : प्राथमिक तंत्र

जलरंग म्हणजे अरबी डिंकात घोटलेले रंगद्रव्य. ते पाण्याने पातळ करून कागदावर लावतात. पारदर्शक पद्धतीत पांढरा रंग वापरत नाहीत, कोरा कागद हाच पांढरा. म्हणून काम फिक्याकडून गडदाकडे जाते आणि एकदा झाकलेला उजेड सहसा परत मिळत नाही. अजिंठ्याची रीत वेगळी होती : तिथे सुक्या गिलाव्यावर रंगवले आहे आणि पांढराही रंगद्रव्य म्हणूनच लावला आहे.

सुरुवातीला लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एवढे रंग, 6 व 12 नंबरचे गोल ब्रश आणि पाण्याची दोन भांडी पुरतात. रंग स्वस्तातले चालतील. कागदात मात्र काटकसर नको, तो जाड, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) घ्यावा. पातळ ड्रॉइंग पेपर ओला होताच फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि शिकणाऱ्याला वाटते आपला हातच वाईट. बोअरचे पाणी जड असेल तर फिल्टरचे घ्यावे. क्षारांमुळे काही रंग दाणेदार बसतात.

पहिला धडा सपाट वॉशचा, म्हणजे एकाच छटेच्या सलग पातळ थराचा. लागेल त्याच्या दुप्पट रंग आधीच कालवून ठेवावा, कारण मध्येच कालवलेली छटा जुळत नाही. चारही कडांना टेप लावून बोर्ड 15 अंश तिरपा ठेवावा. भरल्या ब्रशने वरून आडवा पट्टा ओढला की खालच्या कडेला रंगाचा ओघळ जमतो. पुढचा पट्टा त्या ओघळाला टेकवूनच ओढायचा. शेवटचा ओघळ पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यावा.

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी असते. वॉश अर्ध्यावर सुकतो आणि पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. अशा वेळी सकाळी लवकर बसावे, पंखा बंद ठेवावा, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्यावा आणि मोठा ब्रश वापरावा. उलट चूक पावसाळ्यात होते : अर्धवट ओल्या रंगात पाणीदार ब्रश टेकवला की फुलकोबीसारखा डाग पडतो. कागद तिरपा धरून पाहावा. चकाकी असेपर्यंत रंग सोडता येतो. चकाकी गेली, पण तळहाताच्या मागच्या बाजूला गार लागते आहे, तोवर हात आवरावा.

बीबीच्या मकबऱ्याचा घुमट रंगवताना उजेडाची बाजू कोरी सोडतात. सावलीला अल्ट्रामरीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना घालून खूप पातळ करतात. हीच जोडी दाट कालवली की काळ्या रानाची माती मिळते : ओल्या मातीला निळा जास्त, उन्हाने भेगाळलेलीला तपकिरी जास्त. ट्यूबमधला काळा शक्यतो टाळावा, त्याने जमीन निर्जीव दिसते. वाळल्यावर जलरंग फिका पडतो, त्यामुळे हवी त्याहून थोडी गडद छटा कालवून ती आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर वाळवून पाहावी.