कोळंबीच्या सालांना विरजण लावलं तर?

एक किलो कोळंबी आणा, डोकी काढा, सोला, हातात अर्ध्या किलोच्या आसपासच काय ते उरतं. बाकीचं पिशवीत बांधून कचऱ्यात, आणि दुसऱ्या दिवशी त्या पिशवीचा वास कसा असतो ते कोळंबी खाणाऱ्यांना सांगायला नको. प्रोसेसिंगच्या फॅक्टरीत हेच टनांनी होतं.

पण त्या सालात माल आहे. चुना (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूवालं), प्रोटीन आणि कायटिन (सालाला कणखर करणारा धागेदार पदार्थ), ही तीन मुख्य. कायटिन झुरळाच्या पाठीतपण असतं आणि मशरूममध्येपण, 1811 मध्ये फ्रान्सच्या ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञाला ते मशरूममध्येच सापडलं. गोची अशी की तिन्ही एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात. नेहमीची पद्धत म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडने चुना काढा, कॉस्टिक सोड्याने प्रोटीन काढा. काम होतं, पण ते पाणी नंतर सोडायचं कुठे, आणि चांगलं प्रोटीन वाया जातं ते वेगळंच.

फर्मेंटेशनमध्ये (म्हणजे सालं आंबवली तर) हे काम दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद करतात. सालं बारीक करायची, साखर किंवा मळी घालायची, लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरमसारखं विरजण टाकून काही दिवस उबेला ठेवायचं. जिवाणू साखर खाऊन लॅक्टिक ॲसिड बनवतात, त्यात चुना विरघळतो, कार्बन डायऑक्साइड फसफसतो, आंबटपणामुळे सडवणाऱ्या जंतूंचं काही चालत नाही. आणि मला आवडलेला भाग म्हणजे कोळंबीच्या डोक्यात तिची स्वतःची पाचक एन्झाइम्स असतात ना, तीच प्रोटीन तोडायला मदत करतात, म्हणजे डोकं मेल्यावरपण कामाला येतं!

शेवटी खाली कायटिन, वर प्रोटीनचं पाणी, ते जनावरांच्या किंवा माशांच्या खाद्यात चालतं. सोबत ॲस्टाझँथिन मिळतं, कढईत पडल्यावर करडी कोळंबी केशरी होते तो रंग. पाळलेल्या सामन माशाचं मांस गुलाबी दिसावं म्हणून खाद्यात हेच घालतात.

कायटिनपासून कायटोसान करतात, जखमेचं रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांत ते वापरतात. पण कोणी या फर्मेंटेशनच्या पद्धतीला एकदम 'केमिकल-फ्री' म्हणालं तर जरा थांबा. थोडा चुना, थोडं प्रोटीन मागे राहतंच, त्याला सौम्य ॲसिड-अल्कलीने धुवावं लागतं, आणि कायटोसान करायला बहुतेक ठिकाणी अजून कडक कॉस्टिकच लागतो.

आणि सालं ताजी हवीत. उन्हात दोन-चार तास पडून राहिली की सडवणारे जंतू आधीच कामाला लागलेले असतात, मग विरजण कितीही भारी असू दे.